झहीरची उडी कुठं गेली? वाचकांचे प्रश्न, एका स्कोअररची उत्तरं

मागच्या अंकात डावखुऱ्या बोलर्सबद्दल लिहिताना मी झहीर खानवर एकच वाक्य टाकलं होतं, की त्याचं खरं करिअर टीममधून बाहेर काढल्यावर सुरू झालं. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की बाकी सगळं बाजूला ठेवून हा अख्खा कॉलम त्याच्यावरच करायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी क्लब मॅचेसना स्कोअरर म्हणून बसत आलेय आणि घरी टीव्हीवरच्या मॅचचाही स्कोअर वहीत मांडते, त्यामुळं माझी उत्तरं बरीचशी त्या वह्यांमधनंच येणार.

प्रश्न: ताई, तुमचं ते वाक्य पटलं नाही. २००० ते २००३ चा झहीर किती फास्ट होता, ती मोठी उडी, तो यॉर्कर. नंतर स्पीड पडला, उडी गेली. मग खरं करिअर नंतरचं कसं काय? (एक वाचक, पुणे)

तो सुरुवातीचा झहीर मलाही तितकाच आवडायचा. ऑक्टोबर २००० मधे नैरोबीला आयसीसी नॉकआउट स्पर्धेत तो केनियाविरुद्ध पहिली वनडे खेळला आणि चारच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, क्वार्टर फायनलमधे ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉला यॉर्करवर, म्हणजे थेट पायाशी टाकलेल्या बॉलवर, बोल्ड केलं, आणि तो दिवस त्याच्या बाविसाव्या वाढदिवसाचा होता. आपल्याकडं यॉर्करवर असा दांडा उडवणारा बोलर बघायची सवयच नव्हती, श्रीनाथ होता, प्रसाद होता पण हे काहीतरी वेगळंच होतं. त्यामुळं तुमच्या मनात तो झहीर का बसलाय ते मला कळतं.

पण ती उडी बघायला जेवढी भारी तेवढीच शरीराला महाग होती. लांब रनअप, शेवटी उंच झेप आणि मग खाली येताना सगळा भार एका पायावर. २००३ च्या शेवटी ब्रिस्बेन टेस्टमधे त्यानी एका डावात ५ विकेट काढल्या आणि नेमकी तिथंच हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, गेली, त्यानंतरची दोनअडीच वर्षं तो आत-बाहेर, आत-बाहेरच करत राहिला. तोवर इरफान पठाण आला, मग आर. पी. सिंग, मुनाफ, श्रीशांत, म्हणजे नवे फास्ट बोलर एकामागून एक उभे राहिले आणि झहीर बोर्डाच्या कॉन्ट्रॅक्टमधे खालच्या ग्रेडला गेला. त्या काळात आमच्या मैदानावरचे लोक सरळ म्हणायचे की संपला तो.

मग २००६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. काउंटी म्हणजे काय ते लक्षात घ्या, चार दिवसांची मॅच संपली की पुढच्या मॅचला निघा, आज इथं तर परवा तिथं, टीव्हीचं ग्लॅमर नाही, गार हवा, आणि परदेशी खेळाडू म्हणून तुम्हाला आणलंय तर कॅप्टन तुमच्याच हातात बॉल देणार. जुना रनअप आणि जुनी उडी घेऊन तिथं सीझनभर टिकणं अवघड होतं. त्यानी रनअप कमी केला, उडी जवळजवळ काढून टाकली आणि क्रीजवर शांतपणे येऊन मनगट आणि सीम (बॉलवरची शिवण) यांच्यावर काम केलं. पहिल्याच मॅचमधे सॉमरसेटविरुद्ध १० विकेट. पुढं एसेक्सविरुद्ध एका डावात ९. पूर्ण सीझनमधे १६ मॅच आणि ७८ विकेट. माझ्या मते हे आकडे त्याच्या कुठल्याही वर्ल्डकपच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहेत आणि आपल्याकडं ते कुणी पाठ करत नाही.

विचार करा, लोक ज्या गोष्टीसाठी टाळ्या वाजवतात तीच गोष्ट स्वतःहून काढून टाकायची, २७ व्या वर्षी, टीमच्या बाहेर असताना. मला विचाराल तर स्टीव्ह वॉच्या यॉर्करपेक्षा मोठं धाडस हे आहे.

प्रश्न: झहीर आपला श्रीरामपूरचा, मग महाराष्ट्राकडून किंवा मुंबईकडून न खेळता बडोद्याकडून का खेळला? (एक कॉलेज विद्यार्थी, नाशिक)

कारण बडोद्याला बोलर पाहिजे होता आणि मुंबईकडं होते. तो १७ व्या वर्षी मुंबईत आला, नॅशनल क्रिकेट क्लबला सुधीर नाईकांकडं शिकला, तिथनं भारताचे जुने फास्ट बोलर टी. ए. शेखर यांच्या नजरेत आला आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनला गेला जिथं ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली शिकवायचे. त्या वेळी मुंबईकडं म्हांब्रे, कुरुविला, आगरकर अशी फळी होती, तिथं बाहेर बसून वाट बघण्यापेक्षा बडोद्याकडून खेळायला मिळणं कधीही बरं. आणि बडोद्याला त्याचं फळ पण मिळालं, २०००-०१ ची रणजी ट्रॉफी त्यांनी जिंकली, १९५७-५८ नंतर पहिल्यांदा. फायनल रेल्वेविरुद्ध, शेवटच्या डावात झहीरच्या ४३ रन्समधे ५ विकेट आणि बडोदा फक्त २१ रन्सनी जिंकलं.

मुंबईकडून तो नंतर खेळलाच. २००६-०७ ची रणजी फायनल, वानखेडे, समोर बंगाल, मुंबईकडून त्याची पहिलीच मॅच आणि त्यात ९ विकेट. सुधीर नाईकांबद्दल पुढं परत येते, त्यांचा एक धागा फार सुंदर जुळतो.

प्रश्न: २००३ च्या वर्ल्डकप फायनलची पहिली ओव्हर. अजून माफ करता येत नाही. तुम्हाला येतं का? (एक वाचक, सोलापूर)

ती ओव्हर मी वहीत मांडलीय. स्कोअरबुकात एका ओव्हरसाठी छोटासा चौकोन असतो, सहा बॉल सुटसुटीत मावतील एवढाच, आणि २३ मार्च २००३ ला जोहान्सबर्गच्या त्या पहिल्या चौकोनात वाइड, नो-बॉल, चौकार लिहिता लिहिता माझी पेन्सिल शेजारच्या ओव्हरच्या रकान्यात गेली. १५ रन्स. पुढं त्याचे आकडे ७ ओव्हर्स, ६७ रन्स, विकेट नाही. ऑस्ट्रेलिया ३५९ ला २, आपण १२५ रन्सनी हरलो.

माफीचा प्रश्न मला तरी पडत नाही. २४ वर्षांचा पोरगा, वर्ल्डकप फायनल, समोर गिलख्रिस्ट आणि हेडन, आणि त्याच्या अंगात एवढी आग की बॉल टाकायच्या आधीच डोकं तापलेलं. त्याच स्पर्धेत त्यानी ११ मॅचमधे १८ विकेट काढल्या होत्या, सेंच्युरियनला न्यूझीलंडविरुद्ध ४२ मधे ४, हे आपण विसरतो. आपण फायनलला पोचलो त्यात त्याचा वाटा मोठा होता.

आणि आता दुसरं पान उघडा. २ एप्रिल २०११, वानखेडे, परत फायनल, परत पहिली ओव्हर झहीरची. स्कोअरबुकात मेडन, म्हणजे एकही रन न दिलेली, ओव्हर झाली की सहा टिंबं जोडून त्याचा इंग्रजीतला एम काढतात. त्याच्या पहिल्या तीन ओव्हर्सना मी तीन एम काढले, ओळीनं. वर्ल्डकप फायनलमधे! पहिला स्पेल, म्हणजे सलग टाकलेल्या ओव्हर्स, असा: ५ ओव्हर्स, ३ मेडन, ६ रन्स, १ विकेट, श्रीलंकेच्या तरंगाचा कॅच स्लिपमधे सेहवागनी एका बाजूला झेपावत घेतला. त्या वेळी टीव्हीसमोर घरातले सगळे ओरडत होते आणि मी मात्र पेन्सिल धरून २००३ चाच चौकोन आठवत बसले होते, आठ वर्षांत एक माणूस एवढा शांत कसा होऊ शकतो हे मला कळत नव्हतं.

हेही सांगायला हवं की नंतरच्या ५ ओव्हर्समधे ५४ रन्स गेले, शेवटी थिसारा परेरानं चांगलाच चोप दिला, आणि शेवटचा आकडा १० ओव्हर्समधे ६० ला २ असा झाला. नुसता तो आकडा वाचणाऱ्याला पहिल्या तासात श्रीलंकेला त्यानी कसं बांधून ठेवलं होतं ते कधीच कळणार नाही, म्हणून मी नेहमी सांगते की बोलरचा एकूण आकडा बघू नका, स्पेल बघा.

आता तो धागा. त्या फायनलचं वानखेडेचं पिच ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते क्युरेटर होते सुधीर नाईक. श्रीरामपूरहून आलेल्या पोराला ज्यांनी क्लबमधे घडवलं, त्यांनीच तयार केलेल्या पिचवर त्या पोरानं वर्ल्डकप फायनलच्या तीन मेडन टाकल्या. नाईक सर एप्रिल २०२३ मधे गेले. ते स्वतः भारताकडून टेस्ट खेळलेले, १९७०-७१ ला मुंबईला रणजी जिंकून दिलेले कॅप्टन, पण मला त्यांची ओळख सांगायची झाली तर मी आधी हीच गोष्ट सांगेन.

प्रश्न: नकल बॉल नेमका कसा टाकतात? आमच्या ग्राउंडवर सगळे म्हणतात बोटं दुमडायची, पण माझा बॉल एकतर डोक्यावरनं जातो नाहीतर पायाशी पडतो. (एक डावखुरा बोलर, वय १८, सातारा)

बोटं दुमडायची हे बरोबर पण तेवढंच सांगून सोडून देतात, तिथं गडबड होते. आधी हे समजून घे की तो बॉल लागतोच कशाला. नेहमीचा स्लोअर बॉल म्हणजे ऑफकटर, त्यात बोटं बॉलवरनं ओढून आणावी लागतात, किंवा मग हाताच्या मागच्या बाजूनं सोडायचा, त्यात मनगट पूर्ण फिरतं. चांगला बॅट्समन मनगट आणि हाताचा वेग बघत असतो, त्याला तिथंच कळतं.

नकल बॉलमधे मनगट सरळ, सीम सरळ, हाताचा वेग पूर्ण. फरक फक्त एकाच ठिकाणी, बॉलच्या मागं जी दोन बोटं सरळ उभी असतात ती दुमडलेली असतात, म्हणजे नखांची टोकं किंवा बोटांचे सांधे बॉलवर टेकलेले आणि खाली अंगठा. त्यामुळं बॉल सुटताना त्याला मागनं बोटांचा जो शेवटचा धक्का मिळतो तो मिळतच नाही. हात म्हणतो १३५, बॉल येतो त्याच्यापेक्षा बराच हळू आणि जवळजवळ न फिरता.

आता तुझा प्रॉब्लेम. डोक्यावरनं जातो म्हणजे तू बॉल लवकर सोडतोयस, आणि पायाशी पडतो म्हणजे भीतीनं घट्ट धरून उशिरा सोडतोयस. पहिले काही आठवडे रनअपच घेऊ नको, उभ्या उभ्या दहा-बारा यार्डांवरनं भिंतीवर टाक आणि फक्त सीम सरळ राहते का ते बघ. ती राहायला लागली की मग चार पावलं. रनअप सगळ्यात शेवटी. झहीरनी पण हा बॉल मॅचमधे आणायच्या आधी नेटमधे घासून घासून तयार केला होता.

आणि तो कधी टाकायचा हे टाकण्याइतकंच महत्त्वाचं. २०११ वर्ल्डकपच्या वेळी बघ, चेन्नईला वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ ८१ वर जमलेला, टीम १५४ ला २, आपण हरतोय असं वाटायला लागलेलं, झहीर आला आणि स्लोअर बॉलवर स्मिथ बोल्ड. वेस्ट इंडिज १८८ ऑलआउट. चार दिवसांनी अहमदाबादला क्वार्टर फायनल, माइक हसी, जो शेवटच्या ओव्हर्समधे मॅच हातातनं काढून न्यायचा, तो ३ वर बोल्ड, नकल बॉल. म्हणजे तो बॉल प्रत्येक ओव्हरला दाखवायचा खेळ नाहीये, ज्या बॅट्समनला बाद केल्याशिवाय मॅच फिरणार नाही त्याच्यासाठी राखून ठेवायचा.

प्रश्न: तो रनअपमधे बॉल उजव्या हातानं झाकायचा ते का? आमच्या सरांनी सांगितलं सवय आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

सवय नाही, मुद्दाम. बॉल जुना झाला की आपण त्याची एक बाजू घासून चकचकीत ठेवतो आणि दुसरी खरखरीत होऊ देतो. बॉल नवा असताना सीम ज्या बाजूला झुकवली तिकडं स्विंग होतो, म्हणजे चकचकीत बाजूपासून लांब, पण जुन्या बॉलला पुरेसा वेग मिळाला तर उलटं होतं, तो चकचकीत बाजूकडं वळतो, यालाच रिव्हर्स म्हणतात. आता इंटरनॅशनल बॅट्समन काय करतो, बोलर पळत येताना त्याच्या हातातल्या बॉलची चमक कुठल्या बाजूला आहे ते बघतो, आणि बॉल सुटायच्या आधीच त्याला कळलेलं असतं की आत येणार का बाहेर जाणार. झहीरनी काय केलं, पळताना डावा हात बॉलसकट छातीजवळ आणला आणि वरून उजवा हात झाकला, अगदी शेवटच्या पावलापर्यंत. बॅट्समनकडं बघायला काही उरलंच नाही.

जेम्स अँडरसननी स्वतः सांगितलंय की बॉल झाकायची ही युक्ती त्यानी झहीरला बघून उचलली. इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या बोलरनी आपल्या श्रीरामपूरच्या माणसाकडनं शिकावं आणि आपल्याकडं त्याला सवय म्हणावं, हे मला सहन होत नाही म्हणून जरा लांब लिहिलं. तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचायला द्या.

प्रश्न: २००७ ची ती जेली बीन्सची भानगड काय होती? (एक वाचक, नागपूर)

इंग्लंडमधली ट्रेंट ब्रिज टेस्ट. झहीर बॅटिंगला आला तर क्रीजच्या आसपास जेली बीन्स, म्हणजे खायच्या गोड गोळ्या, पडलेल्या, इंग्लंडच्या कुठल्यातरी खेळाडूनी टाकलेल्या. झहीर भडकला, बॅट रोखून पीटरसनला सुनावलं, मोठी बोलाचाली झाली. पेपरांनी गोळ्याच उचलून धरल्या आणि मग गोष्ट अशी रुळली की गोळ्यांमुळं त्याला राग आला आणि रागात त्यानी विकेट काढल्या.

मला ही गोष्ट अर्धवट वाटते. पहिल्या डावात, म्हणजे गोळ्यांच्या आधीच, त्यानी ५९ मधे ४ काढल्या होत्या. दुसऱ्या डावात ७५ मधे ५. आणि त्या कशा, तर स्ट्रॉस आणि कुक या दोन डावखुऱ्या ओपनर्सना राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं, येऊन, एकदा आत एकदा बाहेर, ॲक्शन तीच, त्यांना सोडावं का खेळावं तेच कळेना. वॉन १२४ वर उभा होता, बॉल त्याच्या पायाला लागून स्टंपवर गेला. ह्यात रागाचं काही नव्हतं, हे आदल्या वर्षी वूस्टरला जमवलेलं भांडवल होतं. ती टेस्ट आपण ७ विकेट्सनी जिंकलो, सिरीज १-० नी जिंकलो, इंग्लंडमधे १९८६ नंतर पहिल्यांदा, आणि तीन टेस्टमधे झहीरच्या १८ विकेट. विस्डेन या इंग्लंडच्या क्रिकेट वार्षिकानी पुढच्या वर्षी त्याला वर्षाच्या पाच क्रिकेटर्समधे घेतलं ते उगाच नाही.

प्रश्न: त्याला बॅटिंग येत होती का हो? (इयत्ता आठवी, लातूर)

येत होती म्हणजे काय, फटके मारता येत होते! डिसेंबर २००० मधे जोधपूरला झिम्बाब्वेच्या ओलोंगाला शेवटच्या ओव्हरमधे सलग चार सिक्स मारले होते. आणि २००४ ला ढाक्याला अकराव्या नंबरवर ७५, समोर सचिन २४८ नाबाद, दोघांची शेवटच्या विकेटची १३३ ची पार्टनरशिप. अकराव्या नंबरच्या बॅट्समनचा टेस्टमधला तो त्या वेळचा जगातला सगळ्यात मोठा स्कोअर होता. २०१२ मधे वेस्ट इंडिजच्या टिनो बेस्टनी तो मोडला.

प्रश्न: माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, डावखुरा फास्ट बोलर आहे, आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. झहीरसारखं मोठ्या शहरात पाठवावं का? शाळेचं काय? भीती वाटते. (एक आई, नगर जिल्हा)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ उत्तर लिहिलंच नाही कारण हे विकेटसारखं आकड्यात सांगता येत नाही. झहीरच्या घरी वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका, म्हणजे आपल्यासारखंच घर. तो इंजिनिअरिंगच्या वाटेवर होता आणि वडिलांनीच त्याला सांगितलं की इंजिनिअर देशात पुष्कळ आहेत, तू फास्ट बोलर हो. हे वाक्य आता फार कौतुकानं सांगतात पण ते बोलायला त्या बापाला काय लागलं असेल त्याचा विचार करा, कारण तेव्हा त्या पोराच्या नावावर काहीच नव्हतं.

पण दोन गोष्टी बघा. एक, तो बारावीच्या वयापर्यंत घरीच होता, म्हणजे तुमच्या मुलाला अजून दोन वर्षं हातात आहेत, घाई नाही. दुसरी, तो शहरात नुसताच गेला नाही, तिथं त्याच्याकडं रोज लक्ष देणारा एक गुरू होता. शहर महत्त्वाचं नाही, तो माणूस महत्त्वाचा. मी मैदानावर अशी कितीतरी पोरं बघितलीत जी मोठ्या अकादमीची फी भरून येतात आणि दिवसभरात त्यांना बारा बॉल टाकायला मिळतात. तुम्ही स्वतः जा, आठ दिवस तिथं बसून बघा, नेटमधे बोलरच्या मागं कोणी उभं राहून बघतं का, आणि पोरगा थकला की त्याला थांबवतं का. पंधराव्या वर्षी पाठीचं दुखणं लागलं तर पुढचं सगळं अवघड होतं, म्हणून रोज किती बॉल टाकतो त्याची वही ठेवायला लावा त्याला. दहावी पूर्ण करू द्या. आणि कोणी म्हणालं याचा स्पीड वाढवून देतो, तर तिथनं सरळ परत या.

प्रश्न: ३११ विकेट पण ॲव्हरेज ३२.९४. मग ग्रेट म्हणायचं का? (एक वाचक, ठाणे)

मी म्हणते. ॲव्हरेज म्हणजे एका विकेटमागं दिलेले रन्स, ते जितके कमी तितकं चांगलं. ९२ टेस्ट, ३११ विकेट, भारताच्या फास्ट बोलर्समधे त्याच्यापुढं एकटे कपिल देव, ४३४. ईशांत शर्मा पण पुढं बरोबर ३११ वरच थांबला, पण १०५ टेस्टमधे. वर्ल्डकपच्या तीन स्पर्धांमधे झहीरच्या ४४ विकेट, २०११ ला एकट्या २१, पाकिस्तानच्या आफ्रिदीबरोबर सगळ्यात जास्त. ३२.९४ मधे सुरुवातीची ती हॅमस्ट्रिंगची वर्षं पण आहेत, आणि आपली पाटा पिचेसही आहेत. हो, मॅकग्रा किंवा वसीमच्या रांगेत त्याला बसवणार नाही, ते खोटं होईल. पण ॲव्हरेजमधे न दिसणारं एक काम तो करायचा, स्वतःची ओव्हर झाली की मिड-ऑफला उभा राहायचा आणि ईशांत असो की आणखी कोणी, प्रत्येक बॉलनंतर त्याच्याशी बोलायचा. धोनी त्याला बॉलिंगमधला तेंडुलकर म्हणायचा. आणि तो नसला की काय व्हायचं तेही बघितलंय आपण, २०११ ला लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी १८ रन्समधे स्ट्रॉस आणि कुक दोघांना काढून, स्वतःच्या चौदाव्या ओव्हरच्या मधेच हॅमस्ट्रिंग धरून बाहेर गेला, आणि ती सिरीज आपण ४-० हरलो. तेवढ्यासाठी एकट्या दुखापतीला जबाबदार धरता येणार नाही, बॅटिंगही कोसळली होती, पण त्या ओव्हरनंतर मैदानावरचा जीव गेल्यासारखा झाला हे वही बघितली तरी कळतं.

प्रश्न: तुमच्या वह्यांमधलं झहीरचं तुमचं आवडतं पान कुठलं? २०११ ची फायनलच ना? (एक वाचक, मुंबई)

नाही. वेलिंग्टन, फेब्रुवारी २०१४. ही त्याची शेवटची टेस्ट आहे हे तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, रिटायरमेंट त्यानी ऑक्टोबर २०१५ ला जाहीर केली, दिवसाला जवळजवळ अठरा ओव्हर्स टाकायला आता खांदा साथ देणार नाही असं सांगून. न्यूझीलंड दुसऱ्या डावात ९४ ला ५ होतं, आपण जिंकल्यात जमा, आणि मग मॅक्युलम आणि वॉटलिंग दोन दिवस हललेच नाहीत. त्या डावात न्यूझीलंडचे ६८० झाले. ३५ वर्षांचा झहीर, ज्याला दोन हॅमस्ट्रिंगनी आयुष्यभर छळलं, त्यानी त्या एका डावात ५१ ओव्हर्स टाकल्या. १७० रन्स, ५ विकेट. माझ्या वहीत त्याच्या नावापुढचे रकाने संपले, खाली दुसऱ्या बोलरची ओळ त्याच्यासाठी वापरावी लागली.

शेवटच्या सकाळी मॅक्युलमनी झहीरलाच चौकार मारून ३०० पूर्ण केले, सगळं ग्राउंड उभं राहिलं, न्यूझीलंडचं पहिलं त्रिशतक होतं ते. झहीर वळला, मार्कपर्यंत चालत गेला, बॉल झाकून परत पळत आला. थोड्याच वेळात माझ्या पानावर लिहिलं, मॅक्युलम, ३०२, कॅच धोनी, बोलर झहीर.